सुतक नसलेलं दुःख

माणूस गेलं की काय करायचं ते आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारच्या काकू चहाचा थर्मास घेऊन येतात, कुणी पिठलं-भात करून पाठवतं, एखादा भाचा स्मशानातली पावती करायला निघतो. रडणाऱ्याने फक्त रडायचं. कुत्रा गेला की यातलं काहीच होत नाही. घरात गॅस पेटतो, डबे भरले जातात, आणि ऑफिसच्या रजेच्या अर्जात 'ताप' लिहावं लागतं. खारी गेली तेव्हा मीही तेच लिहिलं.

खारी आमच्याकडे आली ते साल 2016, पनवेलची महापालिका झाली ते. जुन्या पनवेलमधल्या एका बेकरीमागे मैद्याच्या रिकाम्या पोत्यांवर झोपायची, म्हणून हे नाव. मागचा एक पाय मोडून वाकडाच जुळलेला, कानांत गोचिड्या. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, दोन-तीन वर्षांची असेल. तेवढाच तिचा जन्मदाखला.

रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याचा आधीचा काळ आपल्याला कधीच कळत नाही, आणि ते गेल्यावर नेमका तोच छळतो. काय खाल्लं असेल, कुठलं पाणी प्यायली असेल? आमच्या जवळच्या तळोजा एमआयडीसीत 2017च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरची कुत्री चक्क निळी झालेली दिसली होती. कासाडी नदीकाठच्या कारखान्यांच्या सांडपाण्यावरून गदारोळ झाला, प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्याला टाळं लावलं. खारीचा त्या भागाशी काही संबंध नव्हता. तरी तिची मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं कळलं तेव्हा माझ्या डोक्यात तीच निळी कुत्री फिरत राहिली. दोष द्यायला काहीतरी हवं असतं.

यावर खरा उतारा डॉक्टरांनी दिला. रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं तेव्हा मूत्रपिंडाची जवळपास तीन-चतुर्थांश ताकद आधीच गेलेली असते. तोवर कुत्रं जेवतं, शेपटी हलवतं, जिन्यावरून धावतं. त्यामुळे 'आपल्याला आधी कसं कळलं नाही' हा प्रश्न उगाळत बसू नका. तुमचं कुत्रं सात-आठ वर्षांच्या पुढे गेलं असेल तर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी दोन्ही तपासून घ्या. लघवी बऱ्याचदा आधी बोलते. पाणी पिणं वाढलं, तर उन्हाळा आहे म्हणून सोडून देऊ नका.

शेवटचे दिवस सलाईनवर गेले. आज बरी, उद्या वाईट. घरात प्रत्येकाचं मत वेगळं, आणि ते दर जेवणाला बदलायचं. अशा वेळी ॲलिस विलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यांनी केलेली एक मोजपट्टी उपयोगी पडते. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना 0 ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35च्या वर असेल तर उपचार चालू ठेवण्यात अर्थ आहे. कुणाला हे कोरडं वाटेल. मला त्या गुणांच्या वहीचा आधार वाटला, कारण भांडण माणसांत न राहता आकड्यांत आलं. गुण मात्र प्रत्येकाने वेगळे लिहावेत, एकमेकांचे बघून नव्हे.

शेवटी डॉक्टरांनी एका संध्याकाळी घरी येऊन तिला शांतपणे मरण देणारं इंजेक्शन दिलं. याबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. औषध म्हणजे भुलीचाच मोठा डोस असतो. काही क्षणांत शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत. नंतर एखादा खोल श्वास घेतल्यासारखं होतं, स्नायू थरथरतात, लघवी होते. ते दुखत असल्याचं लक्षण नव्हे, पण माहीत नसेल तर ते दृश्य महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. पैसे, सही, बिल हे सगळं आधी उरकून घ्या. घरात लहान मूल असेल तर 'तिला झोपवलं' हा शब्द टाळा. माझ्या पुतण्याने त्या रात्री झोपायलाच नकार दिला होता. 'मेली' म्हणा. मुलांना तो शब्द आपल्यापेक्षा सोपा जातो.

आणि मग बाहेर आषाढाचा पाऊस, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि प्रश्न पडला की आता हिला न्यायचं कुठे. सोसायटीतले एक जण म्हणाले, "गोणीत भरून ठेवा, सकाळी सफाईवाले नेतील." त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनाही रीत माहीत नव्हती, एवढंच. परळच्या बाई साकरबाई पेटिट या प्राण्यांच्या रुग्णालयाचं नाव मला आठवत होतं, 1883पासूनचं. मालाडला मुंबई महापालिकेने 2023मध्ये लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली हेही वाचलेलं. पण तशा पावसात पनवेलहून कुठेही निघायची कुणाची तयारी नव्हती. शेवटी नेऱ्याला नातेवाइकांची जागा होती, तिथे सकाळी नेलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की कुत्रं धडधाकट असताना तुमच्या डॉक्टरांना विचारा: तुम्ही घरी येता का, रात्री कोण येतं, नंतर कुठे न्यायचं, तिथली वेळ काय. नंबर फ्रिजवर लावून ठेवा. विचारणं अशुभ वाटलं तरी विचारा. आयुर्विम्याचा फॉर्म भरताना आपण कुठे अशुभ बघतो? पुरायचं असेल तर जागामालकाला विचारून, विहीर, बोअर आणि ओढा टाळून, तीन-चार फूट खोल पुरा. इंजेक्शन दिलेलं असेल तर खड्डा उथळ ठेवून अजिबात चालत नाही. ते औषध देहात राहतं, आणि उकरून खाणारी दुसरी कुत्रीही त्याने मरतात. कापड सुती घ्या. दोन-तीन तासांत अंग ताठ होतं, तेव्हा पाय आधीच पोटाशी घेऊन ठेवा. सकाळपर्यंत थांबायचं असेल तर बर्फ लागेल.

आमच्या रायगड जिल्ह्यात कुत्र्याच्या समाधीवरून केवढं रण माजतं ते सगळ्यांनी पाहिलंय. रायगडावरचं, शिवाजी महाराजांचा कुत्रा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाघ्याचं स्मारक 1936चं. 2012मध्ये पुतळा काढून टाकला, परत बसवला, 2025मध्ये पुन्हा वाद. इतिहासाच्या पुराव्याचं अभ्यासक बघतील. मला त्यात एवढंच दिसतं की पुराव्याची वाट न बघता लोकांनी त्या कुत्र्याला जागा देऊन टाकली होती.

आमच्याकडे जागा काढली सासूबाईंनी. त्या खारीला पहिली दोन वर्षं स्वयंपाकघरात येऊ देत नव्हत्या. दहाव्या दिवशी सकाळी दहीभाताचं पातेलं घेऊन म्हणाल्या, "पितृपक्षात कुत्र्याचा घास काढतोच ना आपण? आज कुत्रीच्या नावाने काढू. शास्त्रात नसेल, पण अडवणारं कोण आहे?" बेकरीमागच्या कुत्र्यांना तो भात घातला. बेकरीवाले मामा बाहेर आले, गेली हे ऐकून ओट्यावरच बसले, आणि पिल्लू असताना तिने बटरचा अख्खा ट्रे कसा पळवला ते सांगू लागले. तिच्या आधीच्या काळातलं मला मिळालेलं ते पहिलंच काहीतरी. तुमचंही कुत्रं रस्त्यावरून आलेलं असेल तर तिथे जाऊन सांगा. चहावाला, वॉचमन, रोज बिस्किट टाकणारी शाळकरी मुलगी, अशी त्याची माणसं असतात. त्यांना कुणी कळवत नाही.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याला आजूबाजूचे लोक शोक मानतच नाहीत. तो आत कोंडतो. जेवण, झोप, काम कित्येक आठवडे रुळावर येत नसेल, तर 14416 या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि तिथे कारण खरं सांगा, 'ताप' नको.

राहिला प्रश्न दुसऱ्या कुत्र्याचा. तो तुम्हाला आठवड्याच्या आत विचारला जाईल. प्राण्यांसाठी काम करणारे तर हमखास विचारतील, कारण त्यांच्याकडे खरोखरच जागा नसते. हो किंवा नाही, दोन्ही घाईत म्हणू नका. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आत्ताच नको. नवीन आलं की त्याला खारीसारखं वागायला लावतील ही दोघं." तिसरा मार्ग तात्पुरत्या सांभाळाचा: ऑपरेशननंतरचं किंवा आजारी कुत्रं बरं होईपर्यंत घरी ठेवायचं आणि परत द्यायचं. उरलेलं सलाईन, न फोडलेल्या गोळ्याही मुदत बघून याच लोकांना देता येतात. आम्ही अशा तात्पुरत्या सांभाळाच्या यादीत नाव दिलंय, अट घालून: खारीच्या रंगाचं नको. पलीकडून बोलणारी मुलगी हसली नाही. म्हणाली, बरेच जण ही अट घालतात.