शाळेतील प्रार्थना आणि सदसद्‌विवेक



अमेरिकेतील एजर्टन गावच्या सरकारी शाळेत शिक्षक प्रॉटेस्टंटांचे किंग जेम्स बायबल वाचून दाखवीत. कॅथलिक पालक न्यायालयात गेले. १८९० साली विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

पुढे १९६२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील शासनरचित प्रार्थना घटनाबाह्य ठरविली. मुलाने स्वतःहून केलेल्या प्रार्थनेवर बंदी नव्हती, तरी कार्डिनल स्पेलमन यांच्यासारखे आपलेच धर्माधिकारी व्यथित झाले. सक्ती आपल्यावर झाली की बोचते. प्रार्थना आपल्याला रुचणारी असली की ती सक्ती वाटत नाही.

१९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिकविले की, धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी नको. श्रद्धा हा देवाच्या हाकेला दिलेला मुक्त प्रतिसाद आहे. आपल्या घटनेचे कलम २८(३) सांगते की, शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून अज्ञान मुलाला उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. हे आपल्या मिशन शाळांनाही लागू आहे.

या आठवड्यात आपण मुलांना विचारूया : तुझा अन्यधर्मीय मित्र प्रार्थनेच्या वेळी काय करतो? त्याला कोणी विचारले आहे का?