आशीर्वादातला रफार

मॉडेलच्या किटमध्ये जर्मन ट्रकच्या पाट्या मिळतात, जपानी गाड्यांची चिन्हं मिळतात. टेल्कोच्या पिंपरी कारखान्यातून १९८६ साली बाहेर पडलेल्या ४०७ टेम्पोसाठी मात्र काहीच नसतं. त्याच्या अंगावरची अक्षरं स्वतःच डिकलवर, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चढवायच्या पातळ पापुद्र्यावर, छापून घ्यावी लागतात, आणि माझ्या मते या छंदातला सगळ्यात आनंदाचा भाग तोच.

१. आधी मापं काढा. चारचाकीची लांबट नंबरपाटी नियमानं ५०० बाय १२० मिलिमीटर. १:२४ च्या मॉडेलवर ती जेमतेम २१ बाय ५ उरते. अक्षराच्या रेघेची जाडी १० मिलिमीटरवरून ०.४ वर येते. ६०० डीपीआयच्या छपाईत तिथे दहाच ठिपके मावतात. चित्र त्याहून भरड असेल, तर इंग्रजी तीन आणि आठ सारखेच दिसतात. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा आणि पहिली प्रत साध्या कागदावर काढून गाडीला लावून बघा.

२. सालाशी इमान राखा. एमएच-१४ ही आपली पिंपरीकरांची ओळख खरी, पण एमएच मालिका १९८९ मध्ये नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यावर आली. कोऱ्या, पहिल्या ४०७ वर ती शोभत नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, त्यानंतरची गाडी करत असाल तर मागचं फळकूट त्याविना रंगवा.

३. देवनागरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत उभ्या ट्रकांवर पेंटरनं सावली देऊन काढलेला ‘आईचा आशीर्वाद’ कुठल्याच फॉन्टमध्ये सापडत नाही. अगदी समोरून फोटो घ्यावा आणि इंकस्केप या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये त्यावरून रेघ फिरवावी. लहान केल्यावर आधी रफार नाहीसा होतो, मग वेलांटी शिरोरेघेला चिकटते. म्हणून रफार मुद्दाम थोडा जाड काढायचा, वेलांटी जरा वर उचलायची. फॉन्ट वापरलाच, तर दुकानात फाइल नेण्याआधी अक्षरांचं रेखाचित्रात रूपांतर करा. तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर जोडाक्षरं सुटी पडतात.

४. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, आणि पारदर्शक कागदावरचा पिवळा निळ्या गाडीवर हिरवट दिसतो. टेम्पोच्या पिवळ्या पाटीला पांढऱ्या थराचा डिकल कागद घ्या, काठोकाठ कापा आणि कडेला पिवळ्या रंगाचा हात फिरवा.

५. लेझरसाठी लेझरचाच कागद. दुसरा आतल्या उष्णतेनं वितळून यंत्राला चिकटू शकतो. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, तिच्यावर लॅकरचे पातळ हात हवेत. जुलैच्या दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं, त्यामुळे ते काम उघडिपीसाठी राखून ठेवावं.

६. डिकल चकचकीत पृष्ठभागावरच चढवा. खरखरीत रंगावर खाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवून, कागदावरून सरकवत जागी न्यायचा, ओढायचा नाही. पुरता वाळल्यावर वरून मॅट लॅकर द्या. चाकणला रोज माल पोचवणाऱ्या गाडीवर शोरूमची चकाकी खोटी वाटते.