उशिरा उघडकीस आलेली चोरी व फसवणूक : मुदतीचा प्रश्न

अलोरे, पोफळी, शिरगाव या परिसरातील अनेक घरांतील माणसे नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास असतात. बंद घर गणपतीत किंवा शिमग्यात उघडते. परसातील सागाचे ओंडके नाहीसे झाले, किंवा सात-बाराच्या उताऱ्यावर भलत्याच इसमाचे नाव लागले, हे तेव्हा ध्यानात येते. "फार दिवस लोटले, आता काही होणार नाही," असा सल्ला गावातच मिळतो. तो पुष्कळदा चुकीचा असतो.

प्रथम फौजदारी बाजू पाहू. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 अन्वये मुदत शिक्षेवर अवलंबून असते. केवळ दंडाच्या गुन्ह्यास 6 महिने, एक वर्षापर्यंतच्या कैदेस 1 वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस 3 वर्षे. त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यास ही मर्यादाच नाही. परसातील साधी चोरी तीन वर्षांच्या मुदतीत मोडते. राहत्या घरातील चोरीस मात्र सात वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने मुदतीची आडकाठी येत नाही. लोकसेवकाने केलेल्या निधीच्या अपहारासही ती येत नाही, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात ठेवावी. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्याची शिक्षा मात्र जुन्या भारतीय दंड संहितेनुसार पाहावी लागते.

मुदत केव्हा सुरू होते, हे कलम 515 सांगते. गुन्हा घडल्याचे ठाऊकच नसेल, तर तो पीडित व्यक्तीस किंवा पोलिसांस ज्या दिवशी प्रथम कळला, त्या दिवसापासून. गुन्हेगार अज्ञात असेल, तर त्याची ओळख पटल्यापासून. म्हणून फिर्यादीत 'केव्हा व कसे कळले' हे स्पष्ट लिहावे. विलंबाचे समाधानकारक कारण असल्यास न्यायालय तो क्षमापित करू शकते. मात्र आरोपीस नोटीस न देता, त्याच्या पाठीमागे असे करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्याच्याच एका अपिलात स्पष्ट केले आहे.

दिवाणी दाव्यात इतकी सवलत नाही. तेथे मुदतीचा कायदा, 1963 लागू होतो. बनावट खरेदीखत रद्द करून मागण्यास, तसेच चोरीची वस्तू परत मागण्यास 3 वर्षे मिळतात. पहिल्या बाबतीत ती हकिकत कळल्यापासून, दुसऱ्यात वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे कळल्यापासून ती मोजतात. एकदा मुदत गेली की दाव्यातील विलंब क्षमापित होत नाही. प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी न्यायालयास दावा फेटाळावा लागतो.

फसवणुकीबाबत कलम 17 आधार देते, पण एक अट घालून : वाजवी दक्षता घेतली असती तर जेव्हा कळले असते, तेव्हापासूनही मुदत धावू लागते. सात-बारा आता संगणकावर घरबसल्या पाहता येतो. त्यामुळे दहा वर्षे उतारा पाहिलाच नाही, हे उत्तर पूर्वीइतके पटण्याजोगे राहिलेले नाही, असे आम्हांस वाटते. शिवाय फसवणुकीची कल्पना नसताना मोबदला देऊन जमीन घेणाऱ्यास हेच कलम संरक्षण देते. जमीन अशा हाती गेल्यावर या कलमाच्या बळावर ती परत मिळविता येत नाही.