पाणी उडतं, मीठ राहतं

चैत्र लागल्यापासून फोन सुरू आहेत आणि प्रश्न एकच: "साहेब, कोळंबी खात नाही, तलावात काय टाकू?" काही टाकू नका. बीज, खाद्य, चेक ट्रे, चुना हे तुम्हाला माझ्याइतकंच कळतं, त्यावर इथे ओळ खर्च करणार नाही. या वेळी लिहितोय ते खाराबद्दल. डहाणूपासून मालवणपर्यंत खाडीकाठच्या तलावांवर सध्या संकट आहे ते हेच, आणि ते बाटलीतल्या औषधाने जाणारं नाही.

हिशेब पाहा. तलावात १.२ मीटर पाणी आहे, खारटपणा ३५ पीपीटी. उन्हाने आणि वाऱ्याने दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडतं असं धरू. महिन्याला १८ सेंटिमीटर झालं. उडतं ते निव्वळ गोडं पाणी. मीठ तसूभरही उडत नाही. महिनाअखेर उरलेल्या पाण्याचा खारटपणा ४१ च्या पुढे.

आता तुम्ही काय करता? पाणी उतरलेलं डोळ्यांना बघवत नाही, म्हणून पंप लावून खाडीचं पाणी वर ओतता. ते पाणी ३६ चं. तलाव पुन्हा काठोकाठ, जिवाला बरं वाटतं, पण खारटपणा ४०.४. एवढं डिझेल जाळून कमावलं पाऊण पीपीटी! आणि एक हेक्टरचा तलाव असेल तर त्या ओतलेल्या पाण्यातून सुमारे ६५ टन मीठ आत आलं, जे बाहेर कधी गेलंच नाही. पुढच्या महिन्यात असंच केलंत की ४५ पार. मिठागरवाला दुसरं काय करतो? समुद्राचं पाणी त्याच्या काचेच्या मापावर तीन-साडेतीन अंश दाखवतं, उन्हात आटत पंचविसाच्या आसपास आलं की मीठ धरतं. तो ठरवून करतो, तुम्ही नकळत. फरक एवढाच की त्याच्या कोंडीत कोळंबी नसते.

व्हॅनामी ४५ पर्यंत तग धरते, हे तुम्ही मला ऐकवता. धरते. पण तिच्या रक्तातला खार आणि बाहेरचा खार २५ पीपीटीच्या आसपास जुळतो. त्याच्या वर जितकं जाल तितकं खाल्लेलं खाद्य अंगाला लागण्याऐवजी आतला खार सांभाळण्यात जातं. त्यातच खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. ३० अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सव्वासहा, आणि ४५ पीपीटीला त्याहून कमी. म्हणून पहाटे कोळंबी काठाला येते. रात्री दहानंतर डिझेल वाचवायला एरेटर बंद करणाऱ्यांना मी आता समजावत बसत नाही. सकाळी मेलेली कोळंबीच त्यांना समजावते.

काही वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातल्या एका तलावावर मला रात्री बोलावलं होतं, तेही कौतुकाने. मालकाच्या सासुरवाडीची माणसं बांधावर सतरंजी टाकून बसली होती. अंधारात कोळंबी हिरवट चमकत होती. किनाऱ्यावर लाटा चमकतात तसंच काही असेल, देवाची कृपा, अशी समजूत. ते चमकणारे जिवाणू होते, व्हिब्रिओच्या जातीचे. तळाशी साचलेली घाण आणि आटलेलं खारं पाणी मिळालं की फोफावतात. चौथ्या दिवशी चमक गेली, कारण चमकायला कोळंबी उरली नव्हती. त्याच्या शेडमध्ये रिफ्रॅक्टोमीटर होता, खोक्यातून न काढलेला. खार तो जिभेने बघायचा. जिभेला ३५ आणि ४२ मधला फरक कळत नाही, कोणाच्याच नाही. हे उपकरण एका खाद्याच्या गोणीहून फार महाग नाही. ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर आणा आणि दोन दिवसांआड वरचं आणि तळाचं पाणी वेगवेगळं मोजा. तळाचं बहुधा जास्त निघेल. जड पाणी खाली बसतं.

म्हणून आधी काढा, मग भरा. तळाच्या नळातून दहा टक्के पाणी सोडा आणि मगच तेवढं नवीन घ्या. तलाव ४४ वर आणि बाहेरचं पाणी ३५ असेल तर दहा टक्क्यांच्या एका बदलाने ४३.१ होतं, बस. म्हणजे ४४ झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही, ३८ दिसलं की सुरुवात करायची.

पाणी केव्हा घ्यायचं, यातही आळस होतो. पंपवाला येईल तेव्हा, हे उत्तर मला चालत नाही. उन्हाळ्यात खाडीला वरून गोडं पाणी येत नाही. चिखलावर पसरून तापलेलं पाणी ओहोटीला जास्त खारं होऊन उतरतं, जवळ मिठागर असेल तर विचारूच नका. भरतीच्या शेवटच्या तासाचं पाणी त्यातल्या त्यात बरं, आणि उधाणाचं सगळ्यांत चांगलं. अडचण अशी की उधाण अमावास्या-पौर्णिमेला येतं आणि कोळंबी कातही बहुतेक त्याच सुमारास टाकते. तेव्हा पाण्याला धक्का नको. उधाणाला पाणी साठवण तलावात घ्या, जाळीने गाळा, ब्लीचिंग करा आणि क्लोरीन गेल्यावर दोन-तीन दिवसांनी मुख्य तलावात सोडा. साठवण तलाव खोल हवा आणि पाणी तिथे आठवडेच्या आठवडे ठेवू नका, नाहीतर तिथेही मिठागर.

तुरटीने खार बसतो, गुळाच्या पाण्याने खार मरतो, असले शोध दरवर्षी निघतात. तुरटीने गाळ बसतो, खार नाही. गूळ कुजतो आणि उरलासुरला प्राणवायू खातो. बोअरवेलचं गोडं पाणी सोडणाऱ्यांना मात्र माझ्याकडून सहानुभूती नाही. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. गोड्याची पातळी एक मीटर उतरली की खारं खालून सुमारे चाळीस मीटर वर सरकतं. तुमचा तलाव आठ दिवस गोडसर होईल आणि शेजारची पिण्याची विहीर वर्षानुवर्षं मचूळ राहील. कोळंबी तलावांमुळे विहिरी खाऱ्या होतात ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला. २००५ चा किनारी जलचर संवर्धन प्राधिकरणाचा कायदा त्याच वाटेने आला. गावाशी वैर घेऊन हा धंदा होत नाही.

तलाव ४५ च्या वर आहे आणि कोळंबी विकण्याजोगी झाली आहे, तर भाव वाढायची वाट पाहू नका. काढा.

ज्यांची छोटी आहे ते मिरगाकडे डोळे लावून बसतील. पहिल्या पावसाचं गोडं पाणी लगेच मिसळत नाही, वर तरंगतं आणि खाली खारं कोंडतं. तळाला हवा पोचत नाही. जे मिसळतं ते एका रात्रीत खार झपाट्याने उतरवतं, आणि ४५ ला तगलेली कोळंबी या धक्क्याने मरते. दिवसाला तीन पीपीटीहून जास्त उतार नको. ढग भरून आले की दाराच्या वरच्या फळ्या काढून ठेवा, वरचं पाणी वाहून जाऊ द्या आणि पाऊस थांबेपर्यंत एरेटर बंद करू नका. डिझेल आत्ताच भरून ठेवा. त्या रात्री वीज असणार नाही.