धंद्याचा फोन हरवला तर? पहिल्या तासाची तयारी आजच करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण धंद्यातल्या मोबाईलबद्दल बोललो. व्हिडिओ बघून झाला की निम्मं विसरायला होतं, म्हणून करायची कामं इथे ओळीने लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

समजा, धनकवडीत तुमचा घरगुती डब्यांचा धंदा आहे. रोजचे साठ डबे. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर, कुणाचा डबा बंद आणि कुणाची उधारी किती हे त्याच फोनमध्ये. बँकेचा ओटीपीही त्याच नंबरवर. आणि हा फोन विसर्जनाच्या गर्दीत, लक्ष्मी रोडवर, खिशातून गेला.

नुकसान किती? फोनचे पंधरा हजार? तेवढ्यावर भागलं तर नशीब समजा. सकाळी साठ डबे कुठे पोचवायचे हेच तुम्हाला माहीत नाही. गल्ला, उधारीची वही आणि सहीचा शिक्का, तिन्ही एकाच खिशात ठेवले होते, आणि तो खिसाच कापला गेला.

म्हणून आजचा मुद्दा एकच: फोन जाईल हे धरून चाला, आणि गेला तरी धंदा उभा राहील अशी सोय आधी करा.

१. नंबर कुणाच्या नावावर आहे?

फोन नवा घेता येतो. नंबर गेला तर गिऱ्हाईक जातं. बऱ्याच छोट्या धंद्यांत बोर्डवर छापलेला नंबर भाच्याच्या नाहीतर जुन्या कामगाराच्या नावावर असतो. बंद झालेलं सिम परत मिळतं ते ज्याच्या नावावर आहे त्यालाच. त्यामुळे धंद्याचं सिम तुमच्या किंवा फर्मच्या नावावरच हवं. तुमच्या नावावर किती सिम आहेत, ते केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर बघता येतं.

फोनला लॉक असतं, पण सिमला? चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याला जायला लागतात. सेटिंगमध्ये जाऊन सिमचा पिन चालू करा. त्याआधी मूळ पिन कोणता, ते कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा. अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम बंद पडतं आणि ते उघडायला पीयूके नंबर लागतो.

२. फोनची वही करा

धंद्यात वापरात असलेला प्रत्येक फोन एका पानावर लिहा: कोणाकडे आहे, नंबर कोणता, आयएमईआय कोणता, बिल कुठे ठेवलंय. आयएमईआय म्हणजे फोनचा चासी नंबरच म्हणा ना. \*#०६# डायल केलं की दिसतो. हे पान कागदावर हवं. फोनची यादी फोनमध्येच ठेवली तर ऐनवेळी उपयोग काय?

त्याच वहीत रोजच्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि नंबर लिहा. दर महिन्याला नवी यादी चिकटवा.

३. पैशाचा फोन वेगळा, कामाचा फोन वेगळा

आरटीओचं चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते. डिलिव्हरीच्या घाईत पोरगा ती उघडतो, परवानगी देतो, आणि ते ॲप फोनवरचे मेसेज वाचायला लागतं. ओटीपीसकट.

म्हणून बँकेचं सिम आणि यूपीआय एका साध्या, वेगळ्या फोनवर ठेवा. तो फोन मालकाकडेच राहील. काउंटरवर क्यूआर आणि साउंडबॉक्स असला की पैसे आले हे पोराला ऐकू येतं. त्याच्या हातात तुमचा यूपीआय द्यायची गरज नाही. आणि प्रत्येकाला बजावून सांगा: पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही.

ऑर्डर बघायला दुसरा माणूस हवा असेल तर व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून त्याचा फोन जोडा. ओटीपी सांगून लॉगिन करून देऊ नका. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिनही आजच लावा.

४. फोन गेला! आता काय?

क्रम लक्षात ठेवा.

- दुसऱ्या फोनवरून गुगलच्या किंवा ॲपलच्या फोन शोधायच्या सेवेत जा आणि हरवलेला फोन लॉक करा. ही आज्ञा पोचायला त्या फोनचं इंटरनेट चालू लागतं, म्हणून हे आधी. पण पाच मिनिटांत जमलं नाही तर पुढे चला.
- सिम कंपनीला फोन करून सिम बंद करा.
- बँकेला फोन करून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तुम्ही किती लवकर कळवलं याला फार महत्त्व आहे. बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान तुमच्या माथी येत नाही.
- पैसे गेले असतील तर लगेच १९३०. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.
- पोलिसांत तक्रार द्या आणि प्रत घ्या. ती प्रत, बिल आणि आयएमईआय घेऊन ‘संचार साथी’वर फोन ब्लॉक करा. मग तो देशात कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. २०२३ पासून ही सोय देशभर आहे.

इथे एक मेख आहे. ब्लॉक करायच्या अर्जाला ओटीपी लागतो, म्हणून आधी त्याच नंबरचं नवं सिम काढावं लागतं. आणि नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. कुणी तुमच्या नावाने सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये, म्हणून हा नियम. पण त्याचा अर्थ असा की एक अख्खा दिवस धंदा ओटीपीशिवाय चालायला हवा. त्या दिवशी वही कामी येते. आणि पैशाचा फोन वेगळा असेल, तर तो घरी सुखरूप असतो.

५. तुम्ही नसाल तेव्हा कोण?

ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या पुण्यातल्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो मोबाईलचा प्रकार नव्हता, पण तारीख बघा: पहिला घाला ११ ऑगस्टला पडला, दुसऱ्या शनिवारी, बँकेच्या सुट्टीच्या दिवशी. चोर आपली सोय बघून येतो. तुम्ही गावी, लग्नात किंवा दवाखान्यात असाल तेव्हा वरचे सगळे फोन कोण करणार? घरातल्या एका माणसाला वही दाखवून ठेवा.

६. माणूस काम सोडतो तेव्हा

हिशेब देतो त्याच दिवशी त्याचा फोन लिंक्ड डिव्हायसेसमधून काढा, ग्रुपमधून काढा, त्याला माहीत असलेले पासवर्ड बदला, धंद्याचं सिम परत घ्या. भांडून नाही, सगळ्यांना सारखाच नियम म्हणून. कामावर ठेवतानाच हे सांगितलेलं असलं की कुणाला राग येत नाही. फोन त्याचा स्वतःचा असेल तर त्यातले फोटो-मेसेज चाळायचा हक्क तुम्हाला नाही. म्हणूनच गिऱ्हाइकांची यादी मुळात त्याच्या फोनमध्ये जाऊ देऊ नका. लोकांनी नंबर आणि पत्ता विश्वासाने तुम्हाला दिलाय, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही तो जपायची जबाबदारी धंदा करणाऱ्यावर टाकली आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

रविवारी एक तास काढा. फोन बंद करून कपाटात ठेवा आणि फक्त वहीवरून उद्याच्या ऑर्डर लावून बघा. जिथे अडाल, तिथे वहीत काय लिहायचं राहिलंय ते कळेल. ते लिहा, मगच फोन चालू करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा जपा!