वारुळावरची अळंबी

मृगाचा पाऊस चांगला झाला की आपल्या हिमायतनगरच्या शिवारात वारुळावर अळंबी उगवते. माझी मामी चंद्रपूरकडची आहे, ती हिला सात्या म्हणते.

अळंबी हे झाड नाही, बुरशी आहे. ती हिरवी नसते, म्हणून तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. मग ती वारुळावरच का उगवते? गुरुजींनी सांगितले की वाळवी वारुळात बुरशीची शेती करते. वाळवी वाळका पाला, लाकूड खाते आणि तिच्या विष्ठेचे स्पंजासारखे पोळे करते. त्यावर बुरशी वाढते, ती वाळवी खाते. पाऊस पडला की तीच बुरशी छत्री होऊन वर येते. हे मी आजीला सांगितले तर ती म्हणली, "तिची शेती आपल्यापेक्षा बरी गं, दुबार पेरणी नाही!"

आजीला अळंबी लई चांगली ओळखू येते. छत्रीच्या मधोमध टोक असते. खाली पुस्तकाच्या पानांसारख्या पांढऱ्या पट्ट्या असतात. देठ उपटायचा नाही, काडीने उकरायचा. तो मुळासारखा लांब थेट वारुळात जातो. वारुळात साप असतो, म्हणून आधी काठी आपटायची.

या आषाढात मी एकटीच गेले. टोपली भरेना म्हणून उकिरड्याजवळच्या दोनतीन पांढऱ्या छत्र्यापण घातल्या. आजीने देठ बघितले आणि सगळी टोपली खड्ड्यात ओतली. चांगली अळंबीसुद्धा! मी खूप रडले. शेजारची काकू म्हणली, भाजीत लसूण टाका, काळा पडला तरच विषारी. पण गुरुजी म्हणाले, ते खोटे आहे.

मी दोन्हीची एकेक छत्री शाळेत नेली. गुरुजींनी त्या पांढऱ्या कागदावर रात्रभर वाटीखाली झाकून ठेवल्या आणि आम्हाला साबणाने हात धुवायला लावले. सकाळी वारुळावरचीखाली गुलाबीसर पूड पडली होती, उकिरड्यावरचीखाली हिरवट. ही हिरवट पुडीची खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात. पण गुलाबी पूड पडली म्हणजे खायची, असेही नाही. दुसऱ्या विषारी छत्र्यापण असतात.

हिमाचल आणि काश्मीरमध्ये देवदाराच्या जंगलात गुच्छी नावाची अळंबी मिळते. ती मधाच्या पोळ्यासारखी दिसते आणि आतून पोकळ असते. ती फार महाग असते. आपल्या सागाच्या रानात ती उगवत नाही.

ते दोन कागद या लेखाखाली चिकटवले आहेत. बोट लावू नका, पूड पुसून जाते.