कासवाची रांगोळी

‘आई, मला रांगोळी जमत नाही,’ म्हणणाऱ्या लेकीला मी ‘लोगो’ शिकवली. सिमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी केलेली ही संगणकभाषा. तिच्यातले कासव चालते आणि मागे रेघ उमटते.

‘फॉरवर्ड १००, राइट ९०’ चार वेळा दिले की चौकोन. चार वळणांत कासव ३६० अंश फिरते.

चांदणीसाठी लेकीने ३६० ला ५ ने भागून ७२ अंश दिले. उमटला पंचकोन! ती हिरमुसली. मग आम्ही दोघी जमिनीवर चांदणीच्या वाटेने चाललो. चांदणीत दोन फेऱ्या होतात! ७२० भागिले ५, म्हणजे १४४.

बालमित्रांनो, आता ४५ अंशांनी वळत आठ चौकोन काढा. यंदा आमच्या दारी तेच फूल होते, लेकीने हाताने काढलेले.